गणित एकच, मग त्याच शेताची दोन क्षेत्रफळं कशी निघतात?

गणित तर जगभर एकच, मग त्यात संस्कृती आणि दृष्टिकोन शिरतात कुठून? आणि शिरत असतील तर आठवी-नववीच्या वर्गात त्याचं करायचं काय? प्रश्न असा आहे. पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाही. सपाट जमिनीवरच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठरल्या की क्षेत्रफळ ठरतं. ते परभणीत एक आणि पॅरिसात दुसरं निघत नाही. पण मोजायचं काय, कोणत्या मापानं, किती चूक चालवून घ्यायची आणि ‘बरोबर’ कशाला म्हणायचं, हे सूत्र सांगत नाही. ते माणसं आपल्या गरजेनं आणि सवयीनं ठरवतात. हवेत बोलण्यापेक्षा एक शेत मोजू.

चार धुऱ्यांचं (बांधांचं) शेत मोजायची सर्रास चालणारी रीत सगळ्यांना माहीत आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, दुसऱ्या जोडीचं तसंच करायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. मापं फुटांत असतील तर उत्तराला १०८९ नं भागलं की गुंठे, कारण गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. समजा, फिरत गेलं तर बाजू अनुक्रमे १३०, १४०, ९० आणि १२० फूट भरल्या. १३० आणि ९० समोरासमोर, त्यांची निम्मी बेरीज ११०. १४० आणि १२० ची १३०. गुणाकार १४,३०० चौरस फूट, म्हणजे १३.१३ गुंठे.

आता त्याच शेताचा कर्ण मोजा. पहिल्या दोन बाजू (१३० आणि १४०) जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात त्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर १५० फूट भरलं असं धरू. शेताचे दोन त्रिकोण झाले. १३०, १४०, १५० या त्रिकोणाची अर्धपरिमिती २१०. २१० × ८० × ७० × ६० चं वर्गमूळ ८,४००. दुसरा त्रिकोण ९०, १२०, १५०, तो तर काटकोनीच, क्षेत्रफळ ५,४००. मिळून १३,८०० चौरस फूट, म्हणजे १२.६७ गुंठे. फरक ५०० चौरस फुटांचा, जवळजवळ अर्धा गुंठा. सातबाऱ्याच्या भाषेत (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर) १३.२८ आर आणि १२.८२ आर. शेत तेच, टेपही तोच.

सरासरीची ही रीत चुकते ती एकाच बाजूला. उत्तर नेहमी जास्त येतं, कमी कधीच येत नाही. चारही कोपरे काटकोनी असतील तरच ते बरोबर येतं. याची सिद्धता नववीच्या मुलाला झेपते. कोपऱ्यातल्या दोन बाजूंच्या गुणाकाराचं निम्मं म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या त्रिकोणाचं जास्तीत जास्त क्षेत्रफळ. कोपरा काटकोनाहून कमी-जास्त झाला की ते घटतं. एका कर्णानं शेत दोन त्रिकोणांत तुटतं, दुसऱ्या कर्णानं दुसऱ्या दोन त्रिकोणांत. या चारही त्रिकोणांची बेरीज म्हणजे शेताची दुप्पट. चार ‘जास्तीत जास्त’ मिळवून चार बाजूंचं सूत्र मांडून बघा, नेमकं सरासरीचंच सूत्र समोर येतं. म्हणजे ही रीत अडाणी नाही. ती एक वरची मर्यादा आहे आणि लोक तिला उत्तर समजतात, एवढीच अडचण.

ही काही आपल्याच शिवारातली खोड नव्हे. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतीवर दान दिलेल्या जमिनींची यादी कोरलेली आहे, त्यातही हाच हिशोब. तीन बाजूंचं शेत आलं तर चौथी बाजू ‘काही नाही’ धरून तेच सूत्र चालवलं आहे. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये ही रीत दिली, पण तिला स्पष्टपणे ‘स्थूल’ म्हटलं आणि शेजारी अर्धपरिमितीतून चारही बाजू वजा करून गुणाकाराचं वर्गमूळ काढण्याचं ‘सूक्ष्म’ सूत्र ठेवलं. आपल्या शेतावर ते लावलं तर २४० अर्धपरिमिती, ११० × १०० × १५० × १२० चं वर्गमूळ, सुमारे १४,०७१. हेही १३,८०० पेक्षा जास्तच, कारण हे सूत्र चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात तेव्हाच खरं असतं.

भास्कराचार्य इथे चिडतात. ‘लीलावती’त (११५०) त्यांचं म्हणणं असं, की चार बाजू सांगून कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, कारण चौकोनाची स्थिती ठरलेलीच नसते. शिव्या बाजूला ठेवून दृष्टिकोन पाहा. ब्रह्मगुप्ताला सूत्र हवं होतं. भास्कराचार्य विचारतात, की प्रश्न तरी पूर्ण आहे का? आणि तलाठ्याच्या, विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर तिसरंच दिसतं: वरच्याच बाजूला चुकणारी रीत सारा वसूल करणाऱ्याला परवडते, विक्रीत विकणाऱ्याला परवडते, आणि घेणाऱ्याचा अर्धा गुंठा जातो. ती इतकी टिकली याचं एक कारण सोपेपणा, दुसरं हे.

मोजताना कुठे फसतं तेही सांगून टाकतो. टेप चढावर अंगासरशी धरला तर अंतर वाढतं; दहाला एक उतार असेल तर अर्ध्या टक्क्यानं, आणि नकाशावरचं क्षेत्र तर सपाट धरलेलं असतं. धुरा वाकडा असला तर दोन टोकांत सरळ दोरी लावून बाक वेगळा मोजावा. दुसरा कर्ण घेतला तरी बेरीज तीच यायला हवी, म्हणून जमल्यास दोन्ही कर्ण मोजावेत. दोन उत्तरांत १ टक्क्याहून जास्त तफावत आली की कुठलीतरी एक बाजू परत मोजायची.

आता रास.

खळ्यावरच्या राशीसाठी ‘लीलावती’त एक अख्खं प्रकरण आहे, आणि गणितात संस्कृती कशी मुरते याचा इतका चांगला नमुना मला दुसरा सापडलेला नाही. नियम असा: राशीच्या बुडाचा घेर मोजा. धान्य जाड दाण्याचं असेल तर उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक असेल तर अकराव्या, कुसळाचं असेल तर नवव्या हिश्शाइतकी. मग घेराच्या सहाव्या हिश्शाचा वर्ग करून उंचीनं गुणा, घनफळ आलं. हातांत मोजलं तर घनहस्तांत येतं, आणि एक घनहस्त म्हणजेच एक मागध खारी, म्हणजे धान्याचं माप आपोआप हातात.

हे नियम उलगडून बघा. उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी म्हणजे राशीचा उतार सुमारे ३२ अंशांचा. अकराव्याला ३० च्या आसपास, नवव्याला ३५. दाणे ओतत गेलं की रास ज्या उतारावर थांबते तो कोन दाण्याच्या रूपावर ठरतो, हे इथे अपूर्णांकात बांधून ठेवलं आहे. कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून रास उभट. आणि घनफळाचं सूत्र? शंकूचं घनफळ म्हणजे घेराचा वर्ग गुणिले उंची, भागिले १२ × पाय (π), म्हणजे ३७.७. इथे भागलंय ३६ नं. पाय ३ धरला की बरोबर ३६ येतात. याच ग्रंथात वर्तुळासाठी स्थूल २२/७ आणि सूक्ष्म ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, दिलेला आहे. ज्याला ३.१४१६ माहीत आहे तो राशीला ३ का घेतो? माझं मत असं, की खळ्यावर घेर मोजतानाच जी चूक होते तिच्यापुढे पायची किंमत सुधारून फार काही पदरात पडत नाही, आणि सहानं भागून वर्ग करणं तोंडी जमतं.

आकडे घालून बघू. हरभऱ्याची रास, घेर ९ मीटर, उंची ९० सेंटिमीटर. जुन्या रीतीनं १.५ चा वर्ग २.२५, गुणिले ०.९, म्हणजे २.०२५ घनमीटर. खऱ्या पायनं १.९३ घनमीटर. घनमीटरला साधारण ७५० किलो धरले तर पहिल्यानं १,५१९ किलो, दुसऱ्यानं सुमारे १,४५०. जवळजवळ ७० किलोंचा फरक, पावणेपाच टक्के. आता घेर घेताना दोरी विखुरलेल्या दाण्यांच्या बाहेरून गेली आणि घेर ५ टक्क्यांनी वाढला, तर घनफळ १० टक्क्यांनी वाढतं. उंचीही घेरावरूनच काढली असेल तर पावणेसोळा टक्क्यांनी. म्हणून सैल दाणे झाडूनं आत लोटून मगच दोरी लावायची, आणि उंचीसाठी राशीत सरळ काठी खुपसून जमिनीपर्यंत न्यायची. शेंड्यावर कुणी चढून गेलेलं असेल तर घेरावरून उंची काढायचा नियम विसरा.

रास भिंतीला टेकलेली असेल, घराच्या आतल्या कोपऱ्यात असेल किंवा बाहेरच्या कोपऱ्याला वेढून असेल, तर दिसणाऱ्या घेराला अनुक्रमे २, ४ आणि १ पूर्णांक १/३ नं गुणायचं, पूर्ण राशीचं घनफळ काढायचं आणि शेवटी त्याच संख्येनं भागायचं. सोयाबीन ताडपत्रीवर ओसरीच्या कोपऱ्यात पडलेलं असतं तेव्हा हा नियम आजही तसाच्या तसा चालतो.

मोंढ्यात आता काटा आहे, राशीवरून वजन कुणी काढत नाही. पण मापाची जुनी उतरंड अजून तोंडात आहे: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. शेवटची पायरी सोडली तर सगळं दुपटीचं. हे मागासलेपण नव्हे. साध्या तराजूनं ढिगाचे दोन सारखे भाग करता येतात, त्याचे परत दोन, परत दोन. पाव, अदपाव, छटाक असे सोळापर्यंत निव्वळ तराजूनं उतरता येतं. दहा सारखे भाग करून दाखवा बरं! दशमान लिहायला सोपं आहे, द्विमान वाटायला. १ एप्रिल १९५७ ला नाणी दशमान झाली, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, तरी भाजीवाली आज ‘पाव किलो’च देते, ‘शून्य पूर्णांक पंचवीस’ नाही.

शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारा ढीग, हा आणखी एक मुद्दा. माप सपाट भरायचं की शिगेनं, हे गावच्या चालीवर. पण शिगेत किती जातं हे मापाच्या तोंडावर ठरतं. साधारण ३ लिटरचीच दोन मापं घ्या: एकाची त्रिज्या ९ सेंटिमीटर, उंची १२, दुसऱ्याची त्रिज्या १२, उंची पावणेसात. दोन्हींची धारण सारखीच. २७ अंशांची शीग चढली तर पहिल्यावर सुमारे ३९० घनसेंटिमीटर, १३ टक्के. दुसऱ्यावर ९२० च्या घरात, ३० टक्के. घेताना पसरट माप आणि देताना उभट, एवढ्यानंच सतरा टक्के मारता येतात, आणि दोन्ही मापांवरचा शिक्का खरा असतो.

भाषेकडे येतो. मराठीत सव्वीस म्हणताना सहा आधी आणि वीस नंतर येतात, लिहिताना दोन आधी. मूल ऐकेल तसं लिहितं आणि ६२ लिहून मोकळं होतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझ्या मते दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींविषयी बरोबर होत्या. ‘साठ दोन’ स्थानिक किंमत दाखवतं. ‘बासष्ट’ बाजारात लागतंच. वर्गात उपयोगी पडतं ते एवढं: मुलाला शब्दाची शेपटी ऐकायला लावा. ‘सष्ट’ ऐकू आलं की दशकात सहा, ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ ऐकू आलं की पाच, ‘त्तर’ असेल तर सात. दशकाचा अंक आधी लिहून घ्या, मग एकक. फसतं ते ‘एकोण’वाल्यांत. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे पाच. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे आठ शब्द वेगळे काढून त्यांना ‘एक उणा’ असं म्हणवून घ्यायचं. नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे पुस्तकांतून गेले त्याचं मला वाईट वाटतं. ज्याला ‘सात दिडे साडेदहा’ येतं त्याला १.५ × ७ मध्ये टिंब कुठे द्यायचं हे विचारावं लागत नाही.

शब्द तोच आणि गणित वेगळं, याचा सगळ्यात महाग नमुना ‘टक्का’. पुस्तकातला टक्का दर साल दर शेकडा, गावातला दर महा दर शेकडा. २०,००० रुपये ‘तीन टक्क्यानं’ १० महिने घेतले तर सावकाराच्या वहीत व्याज ६,०००. पुस्तकाप्रमाणे करणारा विद्यार्थी ५०० काढतो. बारा पटींची चूक, आणि गुणाकार दोघांचा बरोबर. धान्याच्या उसनवारीत सवाई, दिढी चालायची: पेरणीला चार पायल्या नेल्या की सुगीला पाच किंवा सहा परत. सहा महिन्यांत सवाई म्हणजे साल ५० टक्के. न फिटता दोन हंगाम गेले तर चाराच्या सव्वासहा पायल्या होतात, कारण सवाईवर सवाई चढते. सरळ आणि चक्रवाढ व्याजाचा धडा इथूनच सुरू करावा, बँकेच्या ठेवीपासून नव्हे.

मराठवाड्याला तर नाण्यांचीही दोन गणितं सांभाळावी लागली. निजामाचा हाली रुपया वेगळा आणि इंग्रजी कलदार वेगळा; १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. विचित्र दिसणारा हा आकडा म्हणजे साधं ७/६ हे गुणोत्तर. रुपयाच्या १९२ पै, त्याचे दोन तृतीयांश १२८, म्हणजे १० आणे ८ पै. जुन्या कागदात ‘रुपये’ एवढंच दिसलं तर आधी सिक्का कोणता ते बघायचं, मग बेरीज. पिकाची आणेवारी, म्हणजे चांगल्या पिकाच्या मानानं यंदा किती आलं याचा अंदाज, पुढे पैसेवारी झाली आणि ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची भाषा सुरू होते. हाही अपूर्णांकच, फक्त त्याचा छेद ‘चांगलं पीक म्हणजे किती’ या ठरावात लपलेला असतो. छेद बदला, गाव दुष्काळातून बाहेर.

वर्गात उपयोग होतो का? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर विचारलेल्या हिशोबांची ९८ टक्के उत्तरं बरोबर; तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तर ३७ टक्के. कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यातही हेच: बाजारातलं येणारं वर्गात येत नाही, आणि वर्गातल्या मुलांना बाजारातलं येत नाही. म्हणून नुसतं ‘आमच्या आजीला सगळं गणित येत होतं’ म्हणून भागत नाही. पूल मुद्दाम बांधावा लागतो. आणि संस्कृतीच्या नावाखाली ‘वैदिक गणित’ आणू नका. ते पुस्तक १९६५ चं, त्यातली सूत्रं वेदांत नाहीत. चटकन गुणाकाराच्या युक्त्या म्हणून शिकवा, हरकत नाही.

पूल बांधायचा तर मैदानावर. सामान: ३० मीटरचा टेप, चार खुंट्या, सुतळी, थोडी फक्की. अ आणि क या खुंट्या १५ मीटरवर ठोका. अ पासून १३ आणि क पासून १४ मीटरच्या सुतळ्या एका बाजूला ताणून जिथे मिळतील तिथे ब. दुसऱ्या बाजूला अ पासून १२, क पासून ९, तिथे ड. चार बाजू फक्कीनं आखा, मुलांना आधी सरासरीच्या रीतीनं क्षेत्रफळ काढू द्या: १४३ चौरस मीटर. मग कर्णावरून: ८४ आणि ५४, म्हणजे १३८. एका गटाला विकणारा करा, एकाला घेणारा, एकाला सारा वसूल करणारा, आणि कोणती रीत मान्य ते त्यांनाच भांडून ठरवू द्या. हे भांडण वीस मिनिटांच्या आत आवरू नका.

त्यानंतर खुंट्या काढून सुतळीचे कोपरे चार मुलांच्या हातात द्या आणि ब नि ड ला एकमेकांपासून दूर सरकायला सांगा. त्यांच्यातलं अंतर २३ मीटर झालं की क त्यांच्या सरळ रेषेत येऊन बसतो आणि चौकोनाचा त्रिकोण होतो. बाजू त्याच, १३, १४, ९, १२. सरासरीची रीत अजून १४३ च म्हणते. मुलांना सांगा, आता १३, १२, २३ चा त्रिकोण करून बघा. ५६ येतात.